निकोडेमस : कॅन्ससच्या माळरानावरील एक कृषिवसाहत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कॅन्सस राज्यातील निकोडेमस या वसाहतीचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. अट पाच वर्षे वास्तव्य व लागवडीची. जमीन जवळजवळ फुकट होती. परंतु नांगर, बैल, घोडे आणि पहिल्या पिकापर्यंतचे धान्य फुकट नव्हते. एप्रिल १८७७ मध्ये कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ व गोरा जमीन-प्रवर्तक डब्ल्यू. आर. हिल यांच्या पुढाकाराने निकोडेमस टाऊन कंपनी स्थापन झाली. तिची मोहक जाहिरातपत्रके वाचून केंटकीतील शेकडो माणसे निघाली. एलिस स्थानकापासून सुमारे ५५ किलोमीटरची वाट पायी तुडवून ती पोहोचली, तेव्हा समोर गाव नव्हतेच. झाडेही नव्हती. जमिनीत खोदलेल्या भुयारवजा घरांतून धूर तेवढा निघत होता. अनेक कुटुंबे माघारी फिरली.

पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न दिले, असे परंपरेने सांगितले जाते. ओसेजांना १८७० च्या दशकाच्या प्रारंभी याच राज्यातून हलविण्यात आले होते. हे स्मरणात ठेवले तर ‘ओसाड माळ वसविला’ ही आपल्या इतिहासलेखनातही सवयीची झालेली भाषा अपुरी वाटते.

जनावरे मोजकी असल्याने कुदळ-फावड्यांनीच गवताळ जमीन फोडावी लागली. पुरुष मजुरीसाठी दूरवर जात. मागे स्त्रिया शेत व घर सांभाळीत. तरीही शाळा व चर्च उभी राहिली. येथील एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

१८८७ मध्ये लोहमार्ग यावा म्हणून मतदारांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. १८८८ मध्ये मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेला आणि दुकाने नव्या बोग गावाकडे हलली. वसाहतीचा अंत येथेच झाला, असे बहुधा लिहिले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. ओसरली ती बाजारपेठ. आपल्या नावावरच्या जमिनीवर शेतकरी टिकून राहिले. पेठेच्या चढउतारावरून शेतकरी वस्तीचे आयुष्य मोजता येत नाही. शेतीला खरा तडाखा बसला तो १९३० च्या दशकातील अवर्षण, धुळीची वादळे व आर्थिक मंदी यांचा. त्या पडत्या काळातच, १९३९ मध्ये, स्थानिक चुनखडीच्या दगडातून टाऊनशिपचे सभागृह बांधले गेले.

१९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले. विखुरलेले वंशज दरवर्षी मुक्तिदिनाच्या मेळाव्यास येथे जमतात.