वळिवड्याहून विलायतेला गेलेलं बिऱ्हाड

९ एप्रिल १९४५ रोजी दोस्तांच्या आठव्या आर्मीने इटलीतल्या सेनिओ नदीवर शेवटचा मोठा हल्ला चढवला. त्या दिवशी नदीच्या बांधावर लढताना नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच हल्ल्यात, त्याच नदीवर पोलंडची दुसरी कोअरही लढत होती. युद्ध संपल्यावर मराठा शिपाई आपल्या गावी परतला, पोलिश शिपायाला मात्र परतायला गावच उरलं नव्हतं. जनरल आंदेर्स यांच्या या कोअरमधले बहुतेक जण पूर्व पोलंडचे. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत राजवटीने त्यांना बायकामुलांसकट सैबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर ते सुटले आणि १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडून ब्रिटिशांच्या हुकमतीखाली लढले. मे १९४४ मध्ये माँते कासिनोच्या मठावर त्यांनीच झेंडा रोवला. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत त्यांची गावं सोव्हिएत संघाकडे गेली आणि जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. ज्या देशासाठी लढले तो हातचा गेला. ज्यांच्या बाजूने लढले त्यांच्या देशात आता आयुष्य काढायचं होतं.

ब्रिटनने यावर काढलेली तोड लष्करी इतिहासात विरळा आहे. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी मे १९४६ मध्ये पोलिश पुनर्वसन दलाची घोषणा केली. हे दल लढण्यासाठी नव्हतंच. शिपायाने दोन वर्षांचा करार करायचा, पगार आणि शिस्त लष्कराची, पण दिवसाचं काम इंग्रजी शिकण्याचं, हातात कसब आणण्याचं आणि नोकरी शोधण्याचं. सुमारे १ लाख १५ हजार जणांनी नावं घातली. १९४९ साली काम संपवून दल विसर्जित झालं. त्याआधी १९४७ साली पार्लमेंटने पोलिश पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करून पेन्शन, निवारा, दवाखाना आणि शिक्षण यांची तरतूद केली होती. एका फटक्यात खाकी उतरवून रस्त्यावर सोडण्यापेक्षा पायरी पायरीने उतरवण्याची ही कल्पना शहाणपणाची होती, आणि तिचं श्रेय दिलंच पाहिजे.

इतिहासकार बहुधा इथेच थांबतात आणि सारा प्रश्न रोजगाराचा करून टाकतात. ब्रिटनला माणसं हवी होती, पोलिशांना काम हवं होतं, दोन्हींचा मेळ बसला. यात तथ्य आहे. खाणी, कापडगिरण्या, शेती, वीटभट्ट्या, सगळीकडे हातांचा तुटवडा होता, आणि तरीही दार सहज उघडलं नाही. कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. खाण कामगारांच्या संघटनेने १९४७च्या सुरुवातीला पोलिशांना घ्यायला होकार दिला, तो अटी घालून: स्थानिक शाखेची संमती हवी, आणि कपात झाली तर सगळ्यात आधी पोलिश माणूस घरी जाईल. मिळालेलं कामही हुद्द्याकडे पाहून मिळत नव्हतं. आर्नहेमला छत्रीधारी ब्रिगेड घेऊन उतरलेले जनरल सोसाबोव्स्की पुढे लंडनच्या एका कारखान्यात भांडारात कामाला होते. चिलखती डिव्हिजनचे सेनापती जनरल माचेक एडिंबराच्या हॉटेलात बारमागे उभे राहिले. वॉर्साच्या सरकारने १९४६ सालीच त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं, आणि ब्रिटनने त्यांना जनरलचं पेन्शन दिलं नाही. ही कृतघ्नता होती, आणि तिला दुसरं सौम्य नाव देऊ नये. पण हे लोक उभे राहिले ते केवळ पगाराच्या जोरावर असतील, तर एकट्या राहिलेल्या कितीतरी पुरुषांना तोच पगार का सावरू शकला नाही?

माझ्या मते शिपायाला मुलकी आयुष्यात आणतं ते बिऱ्हाड. नोकरी त्यानंतर येते. दुसऱ्या कोअरच्या शिपायांनी १९३९ पासून मुलकी आयुष्य पाहिलंच नव्हतं. आधी कैद, मग छावणी, मग आघाडी. ते मुलकी आयुष्य त्यांच्या वतीने दुसरीकडे कुणीतरी जपत होतं, आणि त्या जागांपैकी एक कोल्हापूरजवळ होती. इराणमध्ये पोचलेल्या कुटुंबांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थानात आसरा मिळाला. १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, मिरजेच्या रेल्वेमार्गालगत वळिवड्याला त्यांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार वस्ती, त्यात प्रामुख्याने बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकींच्या रांगा आणि त्यात प्रत्येक कुटुंबाला आपली खोली. सैबेरियातल्या सामायिक फळ्यांवर दाटीने निजलेल्या बाईला स्वतःच्या चुलीपुढे बसता आलं, हा बदल बारीक नाही. पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च, दवाखाना, रंगमंच आणि बालवीरांची पथकं होती. मुलांचे वर्ग नेमाने भरत, परीक्षा होत, सणवार पाळले जात. नवरे आणि थोरले भाऊ कासिनोच्या डोंगरावर होते, तेव्हा पंचगंगेच्या खोऱ्यात या बायका बाजारहाट, हिशेब, वेळापत्रक, शेजारधर्म असं एक अख्खं गाव चालवत होत्या. मुलकी आयुष्य म्हणतात ते हेच.

पुनर्वसन दलात नाव घातलेल्यांच्या कुटुंबांना ब्रिटनने येऊ दिलं, आणि १९४७–४८ मध्ये वळिवड्याची पुष्कळ बिऱ्हाडं मुंबईहून बोटीने विलायतेला गेली. तिथे वाट्याला आल्या त्या सैन्याने रिकाम्या केलेल्या निसन झोपड्या: पन्हळी पत्र्याचं अर्धगोल छप्पर, मध्ये कोळशाची एक शेगडी, आणि दोन कुटुंबांत आडोसा म्हणून टांगलेली लष्करी घोंगडी. पुरुषाला ही जागा ओळखीची होती, कारण ती छावणीच होती. तिचं गाव केलं बायकांनी, आणि ते कसब त्यांनी आधी वळिवड्यासारख्या ठिकाणी कमावलेलं होतं. पत्र्याच्या झोपडीपुढे वाफे आले, एका झोपडीत चर्च आणि दुसरीत बालवाडी आली. शनिवारच्या पोलिश शाळा आणि माजी सैनिकांच्या संघाचे क्लब याच वृत्तीचे पुढचे फाटे आहेत.

यावर आक्षेप येतो की असं एकमेकांना धरून राहिल्याने ही माणसं इंग्रज समाजापासून तुटली. विखरून टाकलं असतं तर लवकर रुळली असती. भाषेच्या बाबतीत आक्षेप खरा आहे. चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांचं इंग्रजी कामापुरतंच राहिलं. पण या वसाहती कायमचे कोंडवाडे बनल्या नाहीत. बहुतेक १९५०च्या दशकात ओस पडल्या, कारण कुटुंबांनी शिल्लक टाकून जुनी घरं घेतली, वरच्या खोल्या आपल्याच माणसांना भाड्याने दिल्या आणि मुलं इंग्रजी शाळांत घातली. विखुरलेल्यांचं काय झालं याचाही पुरावा आहे. शिपायांत पुरुष फार आणि पोलिश बायका थोड्या. ज्यांची माणसं सोव्हिएत हद्दीत अडकली किंवा वारली, ते खाणीच्या आणि गिरणीच्या वसतिगृहांत एकटे राहिले. त्यांना काम होतं, पगार होता. तरीही पोलिश मनोरुग्णांसाठी डार्टफर्डजवळ मॅबलडनला वेगळं रुग्णालय कित्येक वर्षं चालवावं लागलं. तिथल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ एकटेपणात होतं असं कुणी म्हणणार नाही; युद्धाचे घाव होतेच. पण आपल्या भाषेत बोलणारं माणूस जवळ नसणं हा त्या दुखण्यातला मोठा भाग असणार, हे आजार सांगायलाही पोलिश बोलणाऱ्यांचं रुग्णालय लागलं यावरून दिसतं.

डेव्हनमध्ये स्टोव्हरजवळ इलफर्ड पार्क नावाची एक जुनी वसाहत होती. ती १९४७च्या त्याच कायद्याखाली चालत राहिली, आणि १९९२ साली सरकारने तिथल्या म्हाताऱ्या पोलिशांसाठी पत्र्याच्या झोपड्यांच्या जागी पक्कं निवासगृह बांधलं. वळिवड्याच्या बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथे येऊन राहिली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी साऱ्या जिल्ह्यातून लोक तिथे जातात.