सेफ्ट्रायक्सोनचे इंजेक्शन : कधी घ्यावे, कसे घ्यावे, काय विचारावे

"डॉक्टर, एक सुई द्या म्हणजे उद्या कामावर जाता येईल." आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य नेहमी ऐकू येते. हातावर पोट असलेल्या माणसाला तापात तीन दिवस घरी बसणे परवडत नाही, म्हणून तो सुईचा आग्रह धरतो. या आग्रहाला आम्ही हसत नाही. मात्र त्या सुईत प्रतिजैविक असेल, तर ते कोणते आहे, कशासाठी आहे आणि कसे दिले जात आहे, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे. आरोग्य शिबिरात काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना हे प्रश्न विचारता यावेत, म्हणून सेफ्ट्रायक्सोन या औषधाची माहिती येथे देत आहोत.

औषध काय आहे?

सेफ्ट्रायक्सोन हे सेफॅलोस्पोरिन गटातील तिसऱ्या पिढीचे प्रतिजैविक आहे. या गटाचा उगम १९४५ सालचा. इटलीतील सार्डिनिया बेटावर काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाण्याच्या तोंडाशी एक बुरशी सापडली आणि तिच्यातून या औषधांचा शोध सुरू झाला. सेफ्ट्रायक्सोन जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही, त्यामुळे जिवाणू मरतो. ते शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदाच द्यावे लागते. ते तोंडाने घेता येत नाही. बाटलीतील पावडर विरघळवून शिरेतून किंवा स्नायूत द्यावे लागते.

कशासाठी?

विषमज्वर, न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तातील जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा गंभीर संसर्ग, परमा यांसाठी ते वापरतात. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांवर याचा काही उपयोग नाही. मलेरियावरही नाही. सुई घेतल्यावर दोन दिवसांनी ताप उतरला, तर तो सुईनेच उतरला असे नसते. विषाणूचा ताप पुष्कळदा आपोआप उतरतो.

विषमज्वराचा संशय असेल, तर पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर घेणे महत्त्वाचे. प्रतिजैविक आधी दिले की कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. एकट्या विडाल चाचणीवर भरवसा ठेवू नये. पूर्वीच्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

डॉक्टरांना आधी काय सांगावे?

पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनची अ‍ॅलर्जी कधी झाली असेल, तर ते सर्वात आधी सांगावे. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, पित्ताशयाचा त्रास, गरोदरपण आणि वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे यांचीही कल्पना द्यावी. चाचणी डोसावर काही झाले नाही, म्हणजे धोका टळला असे समजू नये.

देताना काय सांभाळावे?

स्नायूत देताना दुखू नये म्हणून पावडर लिग्नोकेनमध्ये विरघळवतात. हे मिश्रण शिरेतून कधीही द्यायचे नसते. शिरेतून द्यायचे असेल, तर ते सावकाश, काही मिनिटे घेऊन किंवा सलाईनमधून सुमारे अर्ध्या तासात देतात. द्रावणाचा रंग फिकट पिवळसर असणे स्वाभाविक आहे. त्यात कण दिसले तर ते वापरू नये.

कॅल्शियम आणि सेफ्ट्रायक्सोन एकत्र आले की साका तयार होतो. 'आरएल' म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या सलाईनमध्ये कॅल्शियम असते. म्हणून हे औषध त्या सलाईनमध्ये मिसळू नये, त्याच नळीतून एकाच वेळी सोडूही नये. २८ दिवसांच्या आतील बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रायक्सोन देत नाहीत. कावीळ असलेल्या नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही ते टाळतात.

दर रुग्णाला नवी सुई आणि नवी सिरिंज, ती आपल्यासमोर फोडलेली. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि अनेकांचे जीव गेले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणे हे त्यामागचे कारण होते. वापरलेली सुई सहज भोसकली न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी.

सुईनंतर

किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. यावर पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन. ते जिथे हाताशी नाही, तिथे हे इंजेक्शन घेऊ नये. घरी त्रास सुरू झाला, तर रुग्णाला आडवे करावे (धाप असेल तर टेकून बसवावे) आणि १०८ वर फोन करावा. नंतरच्या दिवसांत पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब, डोळे पिवळे होणे किंवा पोटात उजवीकडे वर दुखणे असे काही दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे.

कायदा आणि आपली जबाबदारी

हे औषध 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. मेडिकलवाल्याला रुग्ण, डॉक्टर आणि औषध यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ते 'वॉच' गटात ठेवले आहे, म्हणजे जपून वापरायचे औषध.

एवढी काळजी का, याचे उत्तर शेजारी मिळते. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रायक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. उपचारासाठी मोजकीच औषधे उरली. असे झाले की महागडे औषध आणि लांबचे रुग्णालय ज्यांना परवडत नाही, त्यांचाच जीव आधी धोक्यात येतो.

म्हणून आमचे सांगणे सोपे आहे. पदवी नसलेल्या माणसाकडून सुई घेऊ नका. औषधाचे नाव, डोस आणि किती दिवस घ्यायचे हे चिठ्ठीवर लिहून मागा. बरे वाटले म्हणून स्वतःच उपचार थांबवू नका. सुईऐवजी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ज्याला खरोखर गंभीर संसर्ग आहे, त्याला सुईची भीती घालून उशीर करू नका. त्याच्यासाठी हेच औषध जीव वाचवणारे आहे.