लावायचं काय?

शुगरवाल्याच्या तळव्याला जखम झाली की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातही पहिला प्रश्न हाच: लावायचं काय? कुणी हळद सुचवतं, कुणी मध, कुणी मेकाहारा या सरकारी रुग्णालयाबाहेरच्या दुकानातलं चांदीचं मलम. मधवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात मधाची पट्टी चांदीच्या मलमापेक्षा सरस ठरली. पण भाजलेल्या हातावर कुणी चालत नाही!

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर भार टाकत हिंडतो. कुष्ठरोग्याचंही हेच होतं, आणि म्हणूनच या जखमेवरच्या सर्वांत गुणी बंधनाचं कूळ कुष्ठरुग्णालयांत सापडतं. रायपूर–बिलासपूर रस्त्यावर बैतलपूरजवळ चांदखुरीला मिशनऱ्यांनी १८९७मध्ये असं रुग्णालय काढलं. त्या काळी तळव्याची जखम हा रोगाचाच भाग समजला जाई. ती धुवायची, बांधायची, की रुग्ण पुन्हा तिच्यावरच उभा.

१९३०च्या दशकात सिलोनमध्ये मिल्रॉय पॉल आणि भारतात जोसेफ खान यांनी अशा पायांना चक्क प्लास्टर घातलं. खान यांचा लेख १९३९चा. पुढे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी ही पद्धत घोटून पक्की केली आणि १९६६मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथून ती मधुमेहींकडे आली.

या प्लास्टरात कापूस अगदी थोडा. ते तळव्याला आणि पोटरीला अंगासरशी बसतं, त्यामुळे जखमेच्या एका बिंदूवरचा दाब साऱ्या तळव्यावर पसरतो आणि काही भार पोटरीवाटे प्लास्टरच्या भिंतीवर जातो. मला विचाराल तर त्याचा खरा गुण वेगळाच आहे: रुग्णाला ते काढता येत नाही. चप्पल काढून देवघरात जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे फार मोलाचं. १९८९मध्ये अमेरिकेत ४० मधुमेहींवर तुलना झाली. प्लास्टरवाल्या २१पैकी १९ जखमा सरासरी ४२ दिवसांत भरल्या. नेहमीचं ड्रेसिंग केलेल्या १९पैकी फक्त ६.

तरी ते सरसकट घालायचं नसतं. जखमेत पू असला, पायाला रक्तपुरवठा कमी असला तर ते घातक ठरतं. शिवाय सूज उतरली की सैल पडून घासतं, म्हणून वरचेवर कापून नवं घालावं लागतं, तेही सरावलेल्या हातानं. असा हात गावोगाव कुठून आणणार? नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी यावर 'समाधान' नावाची स्वस्त युक्ती काढली: रबरी फोमची गुंडाळी क्रेप बँडेजनं तळव्याला बांधायची, म्हणजे भार तिच्यावर येतो आणि जखम अधांतरी राहते. मलम त्यानंतर कोणतंही लावा.