नांगराची जाहिरात आणि मासिकाचे पान

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण संपादक, लेखक आणि वाङ्मयीन वाद यांच्यापाशी रेंगाळतो. पानांचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेत जातो. प्रस्तुत टिपणाचा विषय ती तळटीप हाच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर कारखाना हलविला. जागा दिली ती औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. औंध हे गाव आजच्या सातारा जिल्ह्यात, तर कुंडलचा माळ आजच्या सांगलीत. संस्थान विलीन झाल्यावर 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. कारखान्याचा मुख्य माल लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला किंमत सांगून भागत नाही. आधी त्याची समजूत बदलावी लागते, आणि त्यासाठी बोलत राहावे लागते.

हे बोलण्याचे काम शंकरराव किर्लोस्करांकडे आले. वृत्तीने चित्रकार असलेल्या या माणसाने 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचे मुखपत्र म्हणजेच सरळ भाषेत जाहिरात. ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेतील जॉन डिअर ही नांगरांचीच कंपनी ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे पत्र 1895 पासून काढीत होती. वाडीत पुढे जे घडले ते मात्र निराळे होते. नांगर हळूहळू मागे सरला आणि लेख पुढे आला. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडेही निघाली. मधल्या काळात सावरकरांच्याच सूचनेवरून नावातला ‘खबर’ हा परका शब्द गळाला. भाषा शुद्ध झाली, आणि मुखपृष्ठावर उरले ते केवळ मालाचे नाव! या विनोदाकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

स्त्रीच्या शिक्षणाची आणि विवाहाची चर्चा मराठी घरात नेणारे मासिक नांगराच्या कारखान्याच्या आवारात जन्मले, याची काहींना अडचण वाटते. मला ती वाटत नाही, कारण त्या व्यवहारात लपवाछपवी नव्हती. कोणाचा पैसा, कोणाचा माल, हे नाव वाचतानाच कळे. वाचक सावध राहून वाचू शकत होता.

आज वाचताना मध्येच उसळणाऱ्या पॉप-अप खिडकीचा वंश याच घराण्यातला, पण तिची चाल उलटी. ती खिडकी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ईथन झुकरमन यांनी घडविली. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात नको त्या मजकुराला चिकटलेली आढळली होती. तेव्हा जाहिरात मजकुरापासून तोडून वेगळ्या चौकटीत ठेवावी, हा त्यामागचा हेतू. 2014 साली त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. दुसरीकडे ॲमेझॉनने 1996 मध्ये दुसऱ्याच्या शिफारशीवर खप झाला तर शिफारस करणाऱ्याला दलाली देण्याची योजना आणली. दोन्ही एकत्र आल्यावर पुस्तकाची स्तुती करणारा रसिक आहे की अडत्या, हे वाचकाला कळेनासे झाले. अडत्या सांगलीच्या हळदबाजारातही असतो. पण तो अडत्या आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक असते, आणि त्याची अडत पट्टीवर लिहिलेली असते. भारत सरकारने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत छुप्या जाहिरातीला फसव्या रीतींमध्ये गणले, ते याच कारणासाठी.

आपल्यापुढची अडचण वेगळीच आहे. जुन्या मासिकांचे खंड बांधताना जाहिरातींची पाने फाडून टाकण्याची रीत अनेक ग्रंथालयांत होती. बांधणी आटोपशीर व्हावी, एवढाच हेतू. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती निबंध येतो आणि त्याच्या शेजारी छापलेला नांगर, पंप वा तेलाची बाटली येत नाही. ‘किर्लोस्कर’चे अंक शिकवताना मी आता सुटा, न बांधलेला अंक कोणाच्या माळ्यावर मिळतो का, ते आधी विचारतो.