स्वित्झर्लंड : लोक म्हणजे कोण?

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला बर्फ आठवतो. तो बाजूला ठेवू. नकाशा बघा. दक्षिणेला आल्प्स, वायव्येला जुरा, बहुतेक वस्ती मधल्या पठारावर. समुद्र नाही, खनिजंही फारशी नाहीत. एके काळी इथले तरुण परक्या राजांच्या फौजेत पगारी शिपाई म्हणून जात. औषधं, बँका हे वैभव बरंच नंतरचं.

डोंगरांनी दऱ्या वेगळ्या ठेवल्या आणि दरीदरीने आपला कारभार आपणच सांभाळला. आज अशी २६ घटकराज्यं आहेत, त्यांना कँटन म्हणतात. १८४७ मध्ये त्यांच्यात यादवी झाली आणि १८४८ मध्ये संघराज्याची घटना आली. सरकार सात जणांचं, अध्यक्ष दरवर्षी बदलतो. घटनेत बदल करायचा तर जनतेचा कौल घ्यावाच लागतो.

जनतेचा म्हणजे कोणाचा? इथे आपण जरा थांबू. स्त्रियांना मताधिकार द्यायचा का, हे ठरवणार पुरुष! १९५९ मध्ये त्यांनी नकार दिला, होकार आला १९७१ मध्ये. आपल्याकडे तेव्हा इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, बरं का. अपेनझेल इनरर्‍होडेन या चिमुकल्या कँटनमध्ये पुरुष कमरेला तलवार लावून चौकात जमत आणि हात वर करून मत देत. तिथल्या कारभारात बायका नकोत, असं त्यांनी १९९० च्या एप्रिलमध्येही ठरवलं. नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तो निर्णय मोडला.

बहुमत न्यायालयाने मोडावं का? आम्हाला वाटतं, मोडावंच. ज्यांना विचारलंच नाही, त्यांच्याविरुद्धचं बहुमत कसलं? १९९१ च्या सभेला बायका आल्या. तलवार नव्हती, मतदानाचं कार्ड होतं.