पान्हा आटवताना

आपली दिवाळी सुरू होते ती एका लेकुरवाळीच्या पूजेने. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय आणि तिचे वासरू यांच्या पायांवर पाणी घालायचे, हळदकुंकू वाहायचे, ओवाळायचे आणि मगच सणाला आरंभ करायचा. उपवास धरणाऱ्या बायका त्या दिवशी दूधदुभत्याला शिवत नाहीत. ते वासराचे, असे मानतात. भरल्या कासेचा हा सन्मान मला फार आवडतो. पण वासरू मोठे होते, चाऱ्याला तोंड लावते, कास हळूहळू ओसरते, त्या दिवसाला सण नाही. गाईला नाही, तसा बाईलाही नाही.

दिवाळीच्या अंकात, चकली-कडबोळ्यांच्या शेजारी, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. हा अंक ज्या घरांत जातो त्यांतल्या बहुतेक घरांत एक तरी बाई अशी असेल, की जिने दोन-चार रात्री उशी छातीशी धरून, दात आवळून काढल्या आहेत आणि सकाळी उठून सगळ्यांचा चहा केला आहे. लढायांच्या तारखा आपण पाठ करतो. या रात्रींनाही इतिहास आहे आणि तो बराच जुना आहे.

आधी भाषेकडेच पाहा. दूध येण्याला मराठीने किती शब्द दिले! पान्हा फुटतो, पान्हा दाटतो, ऊर भरून येतो, गाय पान्हावते. जाण्याला मात्र दोनच. दूध आटते किंवा दूध तोडतात. पहिला शब्द विहिरीचा, ओढ्याचा. आमच्या परभणी जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव दुधना, तिलाही उन्हाळ्यात आम्ही ‘आटली’ असेच म्हणतो. दुसऱ्या शब्दात तर घावच आहे, आणि तोही पोराच्या बाजूने पाहिलेला. ‘पोराचे दूध तोडले’ असे म्हणतात. आईचे काय तुटले, ते त्या वाक्यात येत नाही.

संस्कारांतही तेच. पोराच्या उष्टावणाला मामा येतो, चांदीची वाटी येते, खिरीचे बोट तोंडाला लागते, आजी दृष्ट काढते. सारे पोराच्या तोंडाकडे पाहत असतात. पुढे केव्हातरी पोर थानाला तोंड लावायचे बंद होते किंवा बंद केले जाते, आणि आतल्या खोलीत आईचे स्तन भरत राहतात. भरतात, टणक होतात, तापतात, बगलेपर्यंत ओढ लागते, हात वर करवत नाही. शेजारचे पोर रडले तरी चोळी ओली होते. देहाला अजून कोणी सांगितलेले नसते, की काम संपले.

आपल्या जुन्या वैद्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बालकाला दात आल्यावर थानापासून क्रमाक्रमाने दूर करावे, असे सांगितले आहे. पोराची समजूत काढायला एक लाडूही दिला आहे. चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांचा. (आजचे डॉक्टर वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नका म्हणतात, हे ध्यानात ठेवूनच कोणी तो करावा.) पोराला लाडू मिळाला, आईच्या वाट्याला त्या श्लोकांत काही आले नाही. पण ‘क्रमाक्रमाने’ हा एक शब्द आला, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातले मोठे औषध तेच आहे. सुश्रुताने पुढचा प्रसंग पाहिला होता. स्तनात गळू धरले तर काय करावे, हे सांगताना तो दोन गोष्टी बजावतो. शस्त्र चालवायचेच झाले तर दूध वाहणाऱ्या शिरा आणि स्तनाग्राचा काळा भाग चुकवावा. आणि गळू कच्चे असो, पिकत असो वा पिकलेले असो, दूध वेळोवेळी काढीत राहावे. ज्याने हे लिहिले त्याने ठणकणाऱ्या बाईचे कण्हणे जवळून ऐकले असले पाहिजे.

शेतकऱ्याला हे ग्रंथ वाचावे लागले नाहीत. म्हैस आटवायची तर धारा एकदम बंद करू नयेत, हे त्याला गोठ्यातच कळते. आधी खुराक कमी करायचा, मग एक वेळची धार सोडायची, मग एक दिवसाआड काढायची. घाई केली तर कास सुजते, दगडासारखी होते. त्या रोगाला आपल्याकडे ‘दगडी’ म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने कासेला हात लावून पाहूनच ते ठेवले आहे. मला नवल वाटते ते याचे, की ज्या घरात म्हशीसाठी हा धीर होता, त्याच घरात सुनेला मात्र ‘आजपासून पाजू नको’ असे एका सकाळी सांगितले जाई. थानाला कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, नाहीतर कोरफडीचा गर. पोर तोंड लावी, कडू लागताच भोकाड पसरी, आणि दोन दिवसांत विसरे. पोराला विसरायला दोन दिवस पुरत. देहाला पुरत नसत.

शाळेत मी हिरकणीची गोष्ट सांगते. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हे पोर, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तेथे बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. आख्यायिकाच ती, पण मुले डोळे विस्फारून ऐकतात. आपण तीत आईची माया पाहतो आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट आपण सांगत नाही. सकाळी पाजून निघालेल्या बाईचे स्तन संध्याकाळपर्यंत गच्च भरलेले असतात. पोराची आठवण तिला मनातून येते तशी छातीतूनही येते. हिरकणीला कडा उतरवणारी ती कळ मायेहून वेगळी काढता येईल असे मला वाटत नाही. बुरूज आहे तो त्या दोन्हींचा.

आता जे लिहायचे ते सणाच्या दिवसांत जड आहे, पण ते वगळले तर हा इतिहास खोटा होईल. पोर मोठे झाले म्हणून दूध थांबवणे, हा या गोष्टीचा सुखाचा भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत जात. आज महाराष्ट्रात तो आकडा विसाच्या खाली आला आहे. म्हणजे त्या काळी घरोघर अशा बाया होत्या, की ज्यांचा पान्हा पोर गेल्यावरही येत राही. आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. 1886 साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला, हेही सांगतो. त्या दुःखातून वैद्यकाची ओढ लागली म्हणतो. पण बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत दूध उतरते, आणि दहाव्या दिवशी ते भरात असते. चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या पोटी दुःख होते तसे तिच्या पदराखालीही होते. अमेरिकेत पदवीसाठी तिने प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. मला त्यात नवल वाटत नाही.

अशा वेळी आपल्या बायांपाशी काय होते? आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. खेड्यात सुईण हीच डॉक्टरीण. ती दूध हाताने पिळून काढी, लुगड्याच्या पट्ट्याने छाती करकचून बांधी, हाळीव-खसखशीसारखे दूध वाढवणारे खाणे बंद करी. यांतले बांधणे चुकीचे होते, असे आता म्हणता येते; घट्ट बांधल्याने दुखणे वाढते आणि दूध अडून गाठी होतात. पण एक उपाय असा होता की जो पुढे पुस्तकांत गेला. तो म्हणजे मोगरा. 1868 साली वेअरिंग यांनी संपादिलेल्या हिंदुस्थानच्या औषधसंग्रहात मोगऱ्याच्या फुलांचा हा गुण नोंदला आहे. दोन-तीन मुठी फुले चुरगाळून, पाणी न लावता प्रत्येक स्तनावर ठेवायची आणि दिवसातून एक-दोनदा बदलायची. साहेबाने हे आपल्या पदरचे लिहिलेले नाही. या देशातल्या बायांचे ज्ञान ते. सरकारी पुस्तकात जाताना तेवढी त्यांची नावे गळली.

पुढे 1988 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी या मोगऱ्याची परीक्षा घेतली. काही बाळंतिणींना ब्रोमोक्रिप्टीनची गोळी, काहींना स्तनांवर मोगऱ्याची फुले. रक्तातले प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध उत्पन्न करविणारा स्राव, गोळीने जास्त उतरले. पण दाटणे, दूध येणे आणि वेदनाशामक औषध किती लागले हे पाहता दोन्ही उपाय सारखेच ठरले. गोळी घेतलेल्यांपैकी काहींना तर ती थांबवल्यावर दूध पुन्हा आले. लगेच ‘पाहा आमचा मोगरा’ म्हणून टाळ्या पिटू नयेत. काहीच न लावलेल्या बायांशी तुलना त्यात नव्हती, आणि दूध कोणी न प्यायले तर आपल्या आपण आटतेच. तरीही ज्या फुलाचा गजरा नवी नवरी केसांत माळते, तेच फूल पोर गेलेल्या बाईच्या छातीवर ठेवले जात होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. युरोपातल्या बाया याच कामी कोबीची थंड पाने ठेवीत. ज्याच्या परसात जे, ते.

गोळ्यांची कथा फारशी अभिमानाची नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य देशांत बाळंतिणींना दूध आटवण्यासाठी सर्रास स्त्रीसंप्रेरके दिली गेली. पुढे त्यांनी रक्तात गुठळ्या होतात असे दिसले. मग ब्रोमोक्रिप्टीन आले. त्याने रक्तदाब चढण्याचे, झटके आणि पक्षाघात झाल्याचे प्रकार नोंदले गेले, आणि 1994 साली अमेरिकेत या कामासाठी ते देणे बंद पडले. चार दिवसांच्या ठणक्यासाठी एवढी जोखीम! पोर गेलेल्या आईला आज डॉक्टर क्वचित दुसरी गोळी देतात, तीही तपासून. मोठ्या पोराचे दूध तोडायला मात्र गोळीची गरज सहसा नसते.

का नसते, हे शेळ्यांनी सांगितले. 1980 च्या दशकात स्कॉटलंडमधील एअर गावच्या हॅना संशोधन संस्थेत पीकर आणि त्यांचे सहकारी यांनी शेळीच्या एकाच बाजूच्या कासेची धार जास्त वेळा काढून पाहिली. त्याच बाजूचे दूध वाढले, दुसरीचे नाही. म्हणजे रक्तातला हुकूम दोन्हींना एकच असला, तरी प्रत्येक बाजू आपला हिशेब वेगळा ठेवते. आत साठलेले दूधच ‘आता पुरे’ असे सांगते. सारे काढून टाकाल तर देह समजतो, मागणी आहे, आणि आणखी करतो; काहीच न काढाल तर ठणकतो, तापतो. या दोहोंच्या मधली वाट धरायची. एक पाजणे सोडावे, तीन-चार दिवस थांबावे, मग दुसरे सोडावे; रात्रीचे शेवटी. फार दाटले तर जीव हलका होईल एवढेच दूध हाताने काढावे. गार पाण्याची पट्टी ठेवावी. कपडा आधार देणारा पण सैल असावा. न राहवले तर पॅरासिटॅमॉल चालते. पाणी तोडण्याची गरज नाही. तहान मारून दूध आटत नाही, बाई मात्र आटते. आणि ताप भरला, थान एका जागी लाल होऊन पसरू लागले, गाठ दोन दिवसांत विरली नाही, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. शेजीबाईची वाट पाहू नये.

हे सारे ज्यांना निवांतपणा आहे त्यांच्यासाठी. नोकरीतल्या बाईला 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आधी ती बारा आठवडे होती. क्रमाक्रमाने हा वाग्भटाचा शब्द तिला आता पाळता येतो. पण दिवाळी आटोपण्याच्या सुमारास आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते. कोणी पोर बरोबर नेते, फडाच्या कडेला झोळी बांधते, आणि मोळ्या गाडीत चढेपर्यंत तिला पाजायला बसता येत नाही. कोणी वर्षाचे पोर सासूपाशी ठेवते. त्या बाईचे दूध ट्रक सुरू होतो त्याच दिवशी तुटते. पहिल्या मुक्कामाला ती कोपीच्या आडोशाला जाते, चोळीची गाठ सोडते आणि उसाच्या पाचटावर दूध पिळून टाकते. पहाटे फडात जायचे असते.