तार परत आली

गोव्यातल्या जुन्या चिरेबंदी घरांत मोबाईलवर बोलण्याची एक जागा ठरलेली असते. कुणाकडे सोप्याची पायरी, कुणाकडे रांदपाच्या खोलीची खिडकी, तर कुणाकडे थेट अंगणातले तुळशीवृंदावन. फोन वाजला की माणूस आधी त्या जागेकडे धावतो आणि मग ‘हॅलो’ म्हणतो. ही धावपळ थांबवणारी ‘वायफाय कॉलिंग’ नावाची एक सोय आज पुष्कळांच्या फोनमध्ये आहे. पण ती कुणी सांगितलेली नसते, म्हणून बंदच पडून असते. ती कशी वापरायची ते सांगतोच. त्याआधी ती आपल्यापर्यंत पोचायला इतकी वर्षे का लागली, ते पाहू. सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही कथा फार ओळखीची वाटते, कारण यंत्र आधी तयार होते आणि फाइल मागाहून हलते.

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे ठेवला. टेलिफोनही त्याच कायद्याच्या छत्राखाली आला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता; १९६१ च्या मुक्तीनंतर तो आपल्यालाही लागू झाला. तारेतून काय जावे आणि कुणी न्यावे हे सरकारने ठरवायचे, ही समजूत त्यानंतर कितीतरी वर्षे टिकली.

मग १९९५ साल उजाडले. त्या वर्षी फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने संगणकावरून संगणकावर इंटरनेटमार्फत बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून (तेव्हाच्या कलकत्त्याहून) दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून भारतातल्या मोबाईल सेवेचा आरंभ केला. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. वायफाय कॉलिंगच्या तीन पूर्वजांपैकी दोघे असे दोन आठवड्यांच्या अंतराने भारतात पोचले. तिसऱ्याला मात्र दारातच अडवले गेले. इंटरनेटवरून बोलण्याला परवानगी नव्हती.

कारण साधे होते, पैसा! परदेशी फोनचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता आणि त्या कॉलचे दर डोळे पांढरे करणारे होते. हे आम्हा गोंयकारांना कुणी समजावून सांगायला नको. घरातला एक माणूस आखातात किंवा बोटीवर असणे ही इथल्या कितीतरी कुटुंबांची रीत. रात्री दर उतरले की जेवणे उरकून एसटीडी-आयएसडी बूथवर रांग लागायची. समोरच्या मीटरवर आकडे पळायचे आणि बोलणाऱ्याचे निम्मे लक्ष तिकडे असायचे. चवथीला घरी येणार की नाही, आईचे औषध पोचले की नाही, एवढे विचारून फोन ठेवायचा. मनातले बोलणे पत्रासाठी राखून ठेवलेले असे.

१ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण अर्धीच. संगणकावरून संगणकाशी बोला, संगणकावरून परदेशातला फोन लावा, एवढे चालेल. पण संगणकावरून भारतातलाच फोन वाजवायचा म्हटले तर ते नियमात बसत नव्हते. म्हणजे पणजीच्या सायबर कॅफेतून लंडनचा फोन वाजे, पण म्हापशाचा वाजवणे बेकायदा! २००३ मध्ये स्काइप आले (ते मे २०२५ मध्ये कायमचे बंद झाले) आणि संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसलेली आई-आजी हे घरोघरचे दृश्य झाले.

इकडे अमेरिकेत २००७ मध्ये टी-मोबाईलने एक वेगळाच मार्ग काढला. जिथे टॉवर पोचत नाही अशा घरातून ग्राहकाने स्वतःच्या वायफायवरून, आपल्याच नेहमीच्या नंबराने बोलावे. वेगळे खाते नको, की समोरच्याकडे तेच सॉफ्टवेअर असण्याची अट नको. २०१४ मध्ये ही सोय आयफोनमध्ये आली आणि हळूहळू इतर फोनमध्येही रुळली.

भारतात ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली की बोलण्याची सेवा एका कंपनीची आणि तिच्या खालचे इंटरनेट दुसऱ्याच कंपनीचे असले तरी हरकत नाही. २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्यांत तसा बदल केला. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वायफाय कॉलिंग सुरू केले. लगेच मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारा देश घरात, म्हणजे भिंतींच्या आत, कोंडला गेला. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ गावांतली मुले वर्गासाठी रेंज शोधत टेकड्या चढत असल्याच्या बातम्या आपण त्याच वर्षी वाचल्या.

आता ही सोय चालते कशी? एरवी आपला आवाज हवेतून टॉवरकडे जातो. जाड चिरा आणि काँक्रीटचा स्लॅब या लहरींना क्षीण करतात. वायफाय कॉलिंगमध्ये फोन टॉवरचा नाद सोडतो आणि घरातल्या राऊटरमार्फत, इंटरनेटमधून एक बंदिस्त वाट काढून मोबाईल कंपनीच्या दारात पोचतो. तिथे सिमकार्डची ओळख पटली की पुढचा प्रवास नेहमीच्या फोनसारखाच. व्हॉट्सअॅपवर बोलायचे तर दोघांकडे व्हॉट्सअॅप हवे. इथे मात्र समोरच्याकडे जुना बटणांचा फोन असला तरी तो वाजतो. भारतात असताना कॉलचा आकार आपल्या नेहमीच्या योजनेप्रमाणेच, आणि पाच मिनिटांच्या बोलण्याला साधारण पाच एमबीहून कमी इंटरनेट लागते. परदेशातून वापरायचे तर कंपनीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सुरू करणे अवघड नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा सिमकार्डच्या भागात ‘वायफाय कॉलिंग’ असा पर्याय असतो, तो चालू करायचा. सापडला नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत तेच शब्द लिहावेत. खात्री करायची असेल तर एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय सुरू करा आणि फोन लावून पाहा. लागला, तर समजा तुमची भिंत पातळ झाली.

पण वाचकहो, खरी गोष्ट यापुढेच आहे. मोबाईल आला तेव्हा आपण म्हटले, तारेची कटकट गेली. खांब पडला, झाडाची फांदी कोसळली, लाइनमनची वाट पाहा, हे सारे संपले. आणि आता तीच तार फायबरच्या रूपाने पुन्हा त्याच खांबांवरून, त्याच माडांच्या खालून घरात आली आहे. आषाढात वीज गेली की राऊटर मिटतो आणि त्याच्याबरोबर वायफायवरचा फोनही. बाहेर टॉवरची रेंज असेल तर निभावते. नसेल तर त्या मोठ्या घरात एकटी राहिलेली म्हातारी माणसे पूर्वीसारखीच जगापासून तुटतात. मुले मस्कतला नाहीतर लिस्बनला, आणि ‘फोन लागत नाही’ म्हणून रात्रभर जागी!

म्हणून ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत त्यांनी वायफाय कॉलिंग सुरू करून देताना राऊटरला छोटी बॅटरीही बसवून द्यावी. ११२ ला फोन करायची वेळ आली तर वाडा आणि घराची खूण तोंडाने नीट सांगायला त्यांना शिकवावे, कारण वायफायवरून गेलेल्या कॉलचे ठिकाण टॉवरवरून काढता येत नाही. आणि टॉवर नको म्हणून ग्रामसभेत हात वर करताना, आपल्या वाड्यावर कुणाच्या घरी तार पोचलेली नाही याचाही एकदा हिशेब करावा. ज्याला फायबरचे महिन्याचे बिल परवडते त्याची भिंत पातळ झाली. ज्याला परवडत नाही, तो अजून तुळशीपाशीच उभा आहे.